हॅलोविनला एकदा शलगम कोरून बघा, जुनी आयरिश पद्धत

हॅलोविन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर केशरी भोपळा येतो, पण ज्या आयर्लंडमधून हा सण अमेरिकेत गेला तिथे पूर्वी भोपळा कोणी कोरतच नव्हतं, शलगम कोरायचे. मी इथे आयर्लंडमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरमध्ये शेजारच्या आजींनी मला त्यांच्या ओट्यापाशी उभं करून शिकवलं, त्या मूळच्या डोनेगल काउंटीच्या, आणि तेव्हापासून दरवर्षी घरी करते म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय.

आधी शलगम. इथले लोक टर्निप म्हणतात ते आपल्याकडचं पांढरं छोटं शलगम नाही, दुकानात त्याला स्वीड म्हणतात, जांभळट सालीचं आणि आतून पिवळं. साधारण किलोभराचं घ्या. भारतात असाल तर मोठं शलगम नाहीतर चांगलं मोठं नवलकोल घ्या, चालतं. बूड थोडं कापून सपाट करा म्हणजे लवंडणार नाही, वरून झाकणासारखी चकती कापा, खाली ओलं फडकं घाला कारण हे प्रकरण फार टणक असतं आणि सुरी सटकते. मग आतल्या गरावर सुरीने उभ्या आडव्या चिरा पाडा आणि जाड स्टीलच्या चमच्याने थोडं थोडं खरवडत जा. एका झटक्यात मोठा तुकडा काढायला जाऊ नका, तिथेच बोट कापतं. बाजू सगळीकडून बोटभर जाड राहिली की थांबा. तासभर तरी लागतोच. गर फेकू नका, उकडून लोणी आणि मिरपूड घालून मस्त लागतो.

चेहरा कोरताना डोळे आणि तोंड लहानच ठेवा. आजी दातांच्या जागी काड्यापेटीच्या काड्यांचे तुकडे खोचतात आणि खरं सांगते, त्या दातांनी जे होतं ते भोपळ्याने कधीच होत नाही. झाकणाला धूर जायला भोक पाडा, आत छोटी मेणबत्ती. पेटवल्यावर झाकण करपल्याचा वास घरभर पसरतो, इथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हॅलोविनचा वास म्हणजे तोच.

मेयो काउंटीत कॅसलबारजवळ टर्लोला लोकजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे फिनटाउन गावच्या अशा शलगमाचा प्लॅस्टरचा ठसा ठेवलाय, मूळ शलगम 1943 मध्ये संग्रहालयाला मिळालं पण ते टिकेना म्हणून ठसा काढला. सुरकुतलेला, दात विचकलेला, अगदी मेलेल्या माणसासारखा चेहरा. 1845 नंतर बटाट्याचा दुष्काळ पडला, लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले, तिथे भोपळा मिळाला, मोठा आणि मऊ, मग शलगमाशी झटापट कोण करणार. दिव्याची गोष्ट मात्र जुनीच राहिली, कंजूष जॅकने सैतानाला फसवलं, मेल्यावर त्याला स्वर्गातही घेईनात आणि नरकातही, तेव्हापासून तो शलगमात निखारा घालून अंधारात फिरतोय.

सणाचं मूळ नाव साउन (Samhain), स्पेलिंग बघून लोक सॅमहेन म्हणतात पण उच्चार साउन असा. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्यालाच ते नाव आहे. गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली आणायची, वर्षाचा अंधारा अर्धा भाग सुरू व्हायचा, आणि मठांमधल्या साधूंनी लिहिलेल्या जुन्या कथांमध्ये त्या रात्री टेकड्या उघडतात आणि पलीकडच्या जगातले लोक बाहेर येतात. पुढे चर्चने 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस केला आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते याचं, की त्या दिवशी कॅथलिक घरांमध्ये मांस वर्ज्य असायचं! म्हणून हॅलोविनचं जुनं जेवण सगळं बटाटा, कोबी, सफरचंद, अक्रोड, सुका मेवा असं आहे. आपल्या शाकाहारी घरांना, खालच्या बार्मब्रॅकमधलं एक अंडं सोडलं तर, काहीच बदलावं लागत नाही.

तर जेवणात दोन गोष्टी करा. कोलकॅनन सोपं आहे, बटाटे उकडून कुस्करायचे, त्यात वाफवलेला केल (ही पालेभाजी) नाहीतर कोबी, गरम दूध, मीठ, आणि मधे खळगा करून भरपूर लोणी. दुसरा बार्मब्रॅक किंवा नुसता ब्रॅक, म्हणजे सुक्या मेव्याचा गोड पाव, त्याला मात्र आदल्या रात्री सुरुवात करावी लागते. पावणेचारशे ग्रॅम मनुका, बेदाणे वगैरे 300 मिली कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजवा. सकाळी त्यात 125 ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं, 225 ग्रॅम सेल्फ रेझिंग मैदा (बेकिंग पावडर घातलेला) आणि चमचाभर दालचिनी जायफळाची पूड घालून कालवा, चहा गाळून टाकायचा नाही, सगळा आतच. ओव्हनमध्ये 170 डिग्री सेल्सियसला तासभर भाजा. जुना ब्रॅक यीस्टचा असतो, हा चहाचा म्हणजे घरगुती प्रकार, पण गंमत तीच, कारण आत वस्तू लपवायच्या असतात. अंगठी ज्याला मिळेल त्याचं वर्षात लग्न, नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे गरिबी, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही, काडी म्हणजे संसारात भांडण. प्रत्येक वस्तू बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा, खाणाऱ्यांना आधी सांगा, आणि लहान मुलांच्या फोडी तुम्ही स्वतः तपासून द्या, यात हयगय नको. इथल्या दुकानातल्या ब्रॅकमध्येही अजून अंगठी निघते आणि ऑफिसात ती कोणाला निघाली यावर अख्खा दिवस चर्चा चालते.

खेळ म्हणून दाराच्या चौकटीला दोऱ्याने सफरचंद टांगा आणि हात मागे बांधून तोंडाने पकडायला लावा, मुलं पोट धरून हसतात. स्कॉटलंडची पद्धतही घ्या, तिथे मुलांनी दारात गाणं नाहीतर कविता म्हटल्याशिवाय खाऊ मिळत नाही. आमच्या बिल्डिंगमधली मराठी मुलं आता दारोदार बडबडगीतं म्हणतात आणि आयरिश आज्या कौतुकाने ऐकतात.

ब्लॅकबेरी मात्र त्या रात्रीनंतर तोडू नका, पूका नावाचं भूत त्यांच्यावर थुंकून जातं म्हणतात, आणि तशाही नोव्हेंबरात त्या खराब झालेल्याच असतात.

शलगम 31 ला रात्री खिडकीत ठेवा आणि लगेच काढू नका. दोन तीन दिवसांत ते सुकून आक्रसतं, डोळे आत जातात, तेव्हा ते खरं दिसतं. 2 नोव्हेंबर हा मृतांचा दिवस, त्या दिवशी आपल्याकडे वसईत आणि गोव्यात ख्रिश्चन घरचे लोक कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावायला जातात, तसं इथे पूर्वी गेलेली माणसं रात्री घरी येतात म्हणून दाराला कडी न लावता शेगडीपाशी खुर्ची आणि पाण्याचं भांडं ठेवायचे. शेजारच्या आजी अजून ठेवतात. त्यांचं शलगम त्या रात्रीपर्यंत खिडकीत असतं, मग दुसऱ्या दिवशी बागेत पुरतात.