एकाच अल्बमची दोन प्रेसिंग पडताळताना या चुका टाळा

एकाच रॉक अल्बमच्या दोन प्रेसिंगच्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी किंवा कारखान्यात दाबलेल्या, रेकॉर्ड पाठोपाठ लावल्या आणि त्यातली एक सरस वाटली, की लगेच 'हेच प्रेसिंग भारी' असा निकाल दिला जातो. कानाला जाणवलेला फरक बहुतेक वेळा खराच असतो. चूक होते ती त्याचं कारण ठरवताना.

लेबल पाहून प्रत ओळखणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रेकॉर्ड कोणत्या काळात दाबली गेली याचा अंदाज लेबलवरून येतो, पण आवाज कोणत्या कटिंगचा (मास्टर डिस्कवर खाचा कोरण्याचा) आहे ते त्यावरून कळत नाही. लेड झेपलिनचा दुसरा अल्बम (१९६९) घ्या. रॉबर्ट लुडविग यांनी कापलेल्या पहिल्या अमेरिकन आवृत्तीत बास आणि आवाजाची पातळी इतकी जोरकस होती की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची. मग अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने तो सौम्य करून पुन्हा कापून घेतला. दोन्ही कटिंगच्या प्रतींवर तेच हिरवं-लाल लेबल आणि १८४१ ब्रॉडवे हाच पत्ता सापडतो. खरी ओळख शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्ट्यात, म्हणजे डेड वॅक्समध्ये कोरलेल्या 'आरएल' या अक्षरांवरून पटते. ती दोन्ही बाजूंना आहेत ना, ते पाहा. एकाच बाजूला आरएल असलेल्या प्रतीही फिरतात.

बँड ब्रिटिश म्हणून ब्रिटिश प्रेसिंगच उत्तम, हा समजही याच अल्बमपाशी अडतो, कारण त्याचं मिक्सिंग (वाद्यं आणि गायन एकत्र जुळवणं) न्यूयॉर्कमध्ये झालं. त्या काळी परदेशी कारखान्यांना बहुधा मूळ टेपची नक्कल मिळायची. त्यामुळे बँडचा पासपोर्ट बघण्यापेक्षा मूळ टेप कुठे होती ते शोधा.

ईएमआय कंपनीच्या जुन्या ब्रिटिश रेकॉर्डवर डेड वॅक्स नीट वाचता येतं. मॅट्रिक्स नंबर (कटिंगचा क्रमांक) तळाला धरला, की डावीकडे मदरचा (मास्टरवरून काढलेल्या धातूच्या प्रतीचा) क्रमांक आणि उजवीकडे स्टँपरची (मदरवरून केलेल्या, रेकॉर्ड दाबणाऱ्या साच्याची) अक्षरं दिसतात. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही अक्षरं अनुक्रमे १ ते ९ आणि ० यांच्या जागी वापरली जात. डावीकडे ३ आणि उजवीकडे 'जीओ' असेल, तर ती तिसऱ्या मदरपासून केलेल्या १५व्या स्टँपरची प्रत. टॉर्च तिरपा धरला तर पुसट अक्षरंही उठून दिसतात. मात्र क्रमांक लहान म्हणजे आवाज चांगला, असं गृहीत धरू नका. झिजलेल्या स्टँपरच्या शेवटच्या प्रतीपेक्षा नव्या स्टँपरची पहिली प्रत उजवी निघू शकते.

पातळी न जुळवता ऐकणं

एक रेकॉर्ड दुसरीपेक्षा जेमतेम १ डेसिबलने मोठी असली, तरी ती 'मोठी' न वाटता 'जिवंत' वाटते. म्हणून आधी दोन्ही रेकॉर्ड धुवा, सुई साफ करा आणि एकाच कार्ट्रिजवर (सुई बसवलेला भाग), त्याच ट्रॅकिंग फोर्सने (सुईच्या दाबाने) दोन्ही संगणकावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करून घ्या. शिखरं उणे ६ डेसिबलच्या आत राहू द्या, नाहीतर एखादा खटका क्लिप होतो, म्हणजे त्याचं टोक कापलं जातं. मग ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींकडून एकाच ओळीपासूनचा तीसेक सेकंदांचा तुकडा निवडा, लाउडनेस नॉर्मलायझेशनने उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा आणि फायलींची नावं दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगून ऐका. यानंतरही जो फरक उरतो, त्याच्यावरच मत द्या.

तुकडा मधल्या गाण्यातला घ्या. सुईखालून जाणाऱ्या खाचेचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर असतो, आतल्या कडेला २१च्या आसपास. म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' चिरकतो. एका प्रेसिंगचं पहिलं गाणं दुसऱ्याच्या शेवटच्या गाण्याशी ताडून पाहिलं, तर ती तुलना प्रेसिंगची राहत नाही. चार बाजूंवर पसरलेल्या ४५ आरपीएम (मिनिटाला ४५ फेरे) आवृत्तीशी तुलना करतानाही हे लक्षात ठेवा.

रीमिक्सला रीमास्टर समजणं

रीमास्टरमध्ये जुनाच मिक्स नव्याने काढला जातो. रीमिक्समध्ये प्रत्येक वाद्य नव्याने मांडलं जातं. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची २०१७ची आवृत्ती रीमिक्स आहे. १९६७च्या रेकॉर्डशी तिची तुलना जरूर करा, पण त्यातून व्हिनाइल किंवा कारखान्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. याच अल्बमचा मोनो मिक्सही स्वतंत्रपणे केलेला आहे. त्याउलट 'यलो सबमरीन'ची ब्रिटिश मोनो रेकॉर्ड म्हणजे स्टीरिओचेच दोन चॅनल एकत्र केलेले.

रेकॉर्डच्या जाडीचा बाऊ

१२० आणि १८० ग्रॅमच्या रेकॉर्डच्या जाडीत सरासरी ०.६ मिलिमीटरचा फरक पडतो. नऊ इंची टोनआर्मवर (सुई धरणारा दांडा) सुईचा कोन त्याने जेमतेम ०.१५ अंश बदलतो. आधी पातळी, स्वच्छता आणि सुईची झीज सांभाळा, आर्मची उंची नंतर बघता येईल. वजन जास्त म्हणून आवाज चांगला, असंही नसतं.

एकाच प्रतीवरून निकाल

नव्या रेकॉर्डवर एका चॅनलमध्ये कापड फाटल्यासारखा आवाज येतो आणि धुऊनही जात नाही, तेव्हा मास्टरिंगला दोष देऊ नका. दाबताना व्हिनाइल खाचेत पूर्ण भरलं नाही, म्हणजे नॉन-फिल झालं. तिरप्या उजेडात खाचांवर टाके घातल्यासारखे फिके ठिपके दिसतील. आर्म प्रत्येक फेऱ्यात डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यावर नाही. लांबवलेल्या पियानोच्या स्वरात त्याची लहर ऐकू येते. जोरकस गायनावर खरखर असेल तर ती बहुधा आधीच्या मालकाच्या झिजलेल्या सुईची खूण असते, वरून रेकॉर्ड कितीही काळीकुळकुळीत दिसो. शंका असेल तर तोच मॅट्रिक्स असलेली दुसरी प्रत मिळवा. दोष दोन्हींत तसाच असेल तर तो कटिंगचा असण्याची शक्यता जास्त. एकीतच असेल तर दोष त्या प्रतीचाच.

मत लिहून ठेवताना दोन्ही बाजूंचं डेड वॅक्स जसंच्या तसं उतरवून घ्या. नुसतं 'यूके फर्स्ट प्रेस' लिहिलं तर दुसऱ्याला तुमची तुलना पडताळून पाहता येत नाही.