टर्बो इंजिन बसवलंय? पहिल्या स्टार्टआधी टर्बोला तेल पाजा

छोट्या हॅचबॅकमध्ये, समजा स्विफ्टमध्ये बलेनो आरएसचं ९९८ सीसी बूस्टरजेट टर्बो इंजिन, बसवून झालं की थेट चावी फिरवायचा मोह होतो. पण टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेल पोचण्याआधीचे ते काही सेकंद कोरडे गेले, तर बेअरिंगला चरे पडतात.

१. टर्बोत तेल आणणाऱ्या पाइपचा बॅन्जो बोल्ट (आतून पोकळ, तेल जाऊ देणारा बोल्ट) काढा. सिरिंजने १०-१५ मिली नवं इंजिन ऑइल आत सोडा आणि कंप्रेसरचं (हवा ओढणाऱ्या बाजूचं) चाक बोटाने हळू फिरवा. चाक घासता कामा नये.
२. बोल्ट परत लावताना दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर. जुने दबलेले असतात, गळतात.
३. फ्युएल पंपाचा फ्यूज, इंजेक्टर आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. रिटर्न पाइप (टर्बोतून तेल परत नेणारा) टर्बोकडून सोडवून खाली बाटली धरा.
४. १० सेकंद सेल्फ मारा, मग अर्धा मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापतो. बाटलीत सलग धार लागली की पुरे.
५. सगळं जोडा, डिपस्टिक बघून तेल भरा, स्टार्ट करून ३ मिनिटं नुसतं आयडलवर ठेवा.

रिटर्न पाइप इंजिनखालच्या तेलाच्या टाकीपर्यंत (संप) सतत उताराचा हवा. मध्ये झोल पडला तर तेल तुंबतं, सीलमधून झिरपतं आणि निळा धूर येतो. लोक उगाच टर्बो बदलतात.

सांभाळा: तेलाच्या जोडांवर सिलिकॉन किंवा टेफ्लॉन टेप अजिबात नको. त्याचा बारीक तुकडासुद्धा टर्बोचं तेलाचं छिद्र बुजवतो.