या चुका टाळा: नमाज, रोजा, जकात आणि आपल्या पाहून शिकलेल्या सवयी

वजूखान्यात, म्हणजे नमाजआधी हातपाय धुण्याच्या (वजूच्या) जागी, शेजारी बसलेल्या चाचांनी काही न बोलता माझ्या डाव्या टाचेकडे बोट दाखवलं. डिसेंबरची पहाट, जुन्या नाशकातली मशीद, टाकीतलं पाणी हाडं गोठवणारं. मी पाय नळाखाली धरला आणि लगेच मागे घेतला होता. बोटं भिजली होती, टाच मात्र कोरडी ठणठणीत. तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. वजू मला शिकवला कोणी, हे आठवू लागलो तर नावच सुचेना. अब्बांना पाहून शिकलो. अब्बा त्यांच्या अब्बांना पाहून शिकले. बघणाऱ्याला हातपाय दिसतात, मसला, म्हणजे त्यामागचा नियम, दिसत नाही.

मी आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार, नाही. सातपूरला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काम करतो. त्या दिवसापासून असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर इमामसाहेबांजवळ बसून विचारायची सवय लावून घेतली, त्यातून जे उमगलं ते इथे मांडतोय. हे सगळं हनफी या धार्मिक नियमपरंपरेच्या रीतीचं आहे. कोकणी घरांत बहुधा शाफई रीत असते, तिथे काही हिशेब बदलतात. त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं.

आधी वजू. कुराणातल्या सूरह माइदा या अध्यायाच्या ६ व्या आयतीत चार फर्ज (आवश्यक गोष्टी) सांगितले आहेत: चेहरा धुणे, कोपरांसह हात धुणे, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणे) आणि घोट्यांसह पाय धुणे. आपली घाई नेमकी कडांना नडते. कोपराचं टोक, कानाजवळची चेहऱ्याची कड आणि टाच. एका सफरात सहाबा, म्हणजे पैगंबरांचे सोबती, घाईघाईत वजू करत होते, टाचा कोरड्या राहिल्या, तेव्हा पैगंबरांनी (स.) मोठ्याने बजावलं होतं की या टाचांसाठी नरकाच्या आगीची खराबी (बरबादी) आहे. बुखारी आणि मुस्लिम, पैगंबरांच्या वचनांच्या या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

आमच्या धंद्यातला एक घोळ वेगळाच. ग्रीस-तेलाचा ओशटपणा हाताला असला तर भीती नाही, पाणी त्यावरून घसरलं तरी कातडीवरून वाहतं. पण वाळलेल्या रंगाची पापडी नखावर बसली की पाणी खाली पोचत नाही. मी कित्येक वर्षं उलटंच करत होतो: ग्रीससाठी साबण घासघास घासायचो आणि रंगाचा ठिपका तसाच ठेवायचो. आता वजूआधी थिनरचा बोळा फिरवतो. घरात हीच गत कणकेची. नखात वाळून बसलेली कणीक काढावी लागते, मेंदीचा रंग नाही. नेलपॉलिशचा थर मात्र काढावाच लागतो.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त खुपते ती. आमची पोरं मराठी शाळेत जातात, अरबी अक्षरओळख अर्धवट राहते, मग देवनागरीत छापलेल्या पुस्तिकेवरून सूरे पाठ होतात. पुस्तिका वाईट नाही, पण अरबीत 'क' दोन आहेत, एक घशातून येणारा काफ आणि एक आपला साधा. सूरह इख्लासची सुरुवात घशातल्या 'क'ने होते, अर्थ 'सांग'. तोच शब्द साध्या 'क'ने म्हटला तर अरबीत अर्थ होतो 'खा'. 'कल्ब'चंही तसंच, एका 'क'ने हृदय, दुसऱ्याने कुत्रा. कुराणाच्या पहिल्या सूरहमध्ये, फातिहात, 'अन्अम्त' म्हणजे 'तू कृपा केलीस'. शेवटी उकार लागून 'अन्अम्तु' झालं की 'मी कृपा केली'! तकबीर, म्हणजे 'अल्लाहु अकबर', म्हणताना 'अकबर'चा 'बा' ताणून 'अकबार' करणारे तर प्रत्येक सफेत (नमाजच्या रांगेत) सापडतील. तिथेही शब्द बदलतो.

यावर औषध पुस्तकात नाही, कानात आहे. कुणातरी कारीसमोर, म्हणजे कुराण शुद्ध म्हणणाऱ्यासमोर, बसा, फातिहा आणि शेवटचे चार-पाच सूरे ऐकवा. पोरांच्या रांगेत बसायची लाज मलाही वाटली होती. मोबाइलवरचं तिलावत (कुराणपठण) ऐकणं उपयोगाचं, पण मोबाइल तुमचं ऐकून 'इथे चुकलात' म्हणत नाही.

घाईबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. रुकूतून, म्हणजे वाकलेल्या स्थितीतून, पाठ सरळ व्हायच्या आत सजद्यात, म्हणजे कपाळ टेकायला, जाणं, दोन सजद्यांमध्ये टेकल्या न टेकल्यासारखं बसणं, नाक जमिनीपासून वर, पायाची बोटं हवेत. मदिनेच्या मशिदीत एकाने अशीच नमाज पढली. पैगंबरांनी (स.) त्याला तीनदा परत पाठवलं: जा, पुन्हा पढ, तू पढलाच नाहीस. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, मला यापेक्षा चांगलं येत नाही, मला शिकवा. मग त्याला एकेक गोष्ट शिकवली गेली. मला या हदीसमधला तो माणूस फार आवडतो. आपण बहुतेक जण तिसऱ्यांदाही तशीच पढून घरी गेलो असतो.

जमात (इमामामागची सामूहिक नमाज) चुकू नये म्हणून धावत येणं हीही चूकच. चालत या, मिळेल तेवढी इमामासोबत, राहिलेली नंतर. इमाम रुकूत दिसला की काही जण वाकता वाकता तकबीर म्हणतात. पहिली तकबीर उभ्यानेच हवी, मग रुकू. इमाम उठण्याआधी रुकूत पोचलात तर ती रकात (नमाजची एक फेरी) मिळाली, नाहीतर इमामाच्या सलामनंतर, म्हणजे त्याची नमाज संपल्यावर, पूर्ण करायची. आणि जुम्याच्या (शुक्रवारच्या) खुत्ब्यात, म्हणजे प्रवचनात, शेजाऱ्याला 'गप्प बस' म्हणणंही चालत नाही, तिथे आपण मोबाइल चाळतो.

रमजानात दोन गोष्टी सांभाळा. सेहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) अजानवर अवलंबून नाही, सुबह सादिकवर, म्हणजे खरी पहाट फुटण्यावर, आहे. अजान संपेपर्यंत घास घेणं म्हणजे वेळ उलटल्यावर खाणं. दुसरं, व्हॉट्सअॅपवर फिरणारा मुंबईचा तक्ता. नाशिक मुंबईच्या पूर्वेला, त्यामुळे आपल्याकडे पहाट साधारण तीन-चार मिनिटं आधी होते. मुंबईच्या वेळेवर सेहरी संपवणारा नाशिककर रोज थोडं उशिरा खातो. शहराचाच तक्ता भिंतीवर लावा. भुलून खाल्लं-प्यायलं तर रोजा तुटत नाही. लोक उगाच तुटला समजून मग पोटभर जेवतात, तेव्हा मात्र तुटतो.

जकातीत, म्हणजे मालमत्तेतून दर वर्षी द्यायच्या सक्तीच्या दानात, गैरसमजांचा पाऊस आहे. 'साडेसात तोळे सोनं नाही, म्हणजे जकात नाही,' हे घरोघरी ऐकू येतं. साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, ही फक्त सोन्याची मर्यादा झाली. सोन्याबरोबर चांदी, शिल्लक रोकड किंवा दुकानातला माल असेल तर सगळ्याची किंमत एकत्र करायची आणि ती साडेबावन्न तोळे, ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या भावाशी ताडून बघायची. तीन तोळ्यांचा हार आणि कपाटात थोडी बचत असलेली बाई सराफ बाजारातल्या आजच्या भावाने सहज साहिबे निसाब, म्हणजे जकात लागू होणारी, ठरते. भाव आजचा, खरेदीच्या पावतीवरचा नाही. वर्षही चांद्रच. ३१ मार्चला हिशेब करणारे दर वर्षी अकरा-एक दिवस मागे पडतात आणि तेहतीस वर्षांत एक अख्खी जकात बुडते. मी माझी तारीख डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय. आणि आई-वडिलांना, मुलांना जकात देता येत नाही. त्यांचा खर्च एरवीही आपल्यावरच आहे.

राहिला सफर. सुमारे ७८ किलोमीटरच्या पुढे जायचं असेल तर शहराची हद्द ओलांडल्यावर चार रकातींच्या फर्ज नमाजच्या दोन होतात, मुक्कामाच्या गावी पंधरा दिवसांहून कमी राहणार असाल तर तिथेही. सिन्नरला जाणारा मुसाफिर नाही, मुंबईला जाणारा आहे. मालेगावला जाणाराही, शंभर किलोमीटरच्या वर अंतर आहे. पण स्थानिक इमामाच्या मागे उभे राहिलात तर चार पूर्ण करायच्या.

हे मला मालेगावात कळलं. बहिणीकडे गेलो होतो, जोहरच्या (दुपारच्या) जमातीत मेहुण्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि दोन रकातींनंतर ऐटीत सलाम फिरवून मोकळा झालो. आजूबाजूचे सगळे तिसऱ्या रकातीला उभे. नमाजनंतर तिथल्या इमामसाहेबांना गाठलं, म्हटलं चार पढतो पुन्हा. ते हसले. म्हणाले, "ती तर तुटली. आता एकटे पढताय ना? मग आता दोनच."