चिठ्ठीवरचं लॅटिन वाचताना या चुका टाळा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वर डाव्या कोपऱ्यात जे आरएक्स असतं, ते 'रेसिपे' या लॅटिन शब्दाचं रूप. अर्थ, 'घे'. हा हुकूम पेशंटला नाही, औषध बनवणाऱ्या केमिस्टला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो, तेव्हा पुढची अक्षरं समजावून देणं मला म्हणूनच माझं काम वाटतं.

सगळ्यात जास्त घोळ एसओएसचा. शिकलेली पोरं त्याचा अर्थ 'तातडीचं' असा लावतात आणि तापाची गोळी आजीला ताप नसतानाही ठरावीक वेळेला देत राहतात. मूळ शब्द 'सी ओपुस सित', म्हणजे गरज पडली तरच. ताप नाही, तर गोळी नाही. पॅरासिटामॉल असेल तर दोन गोळ्यांत चार ते सहा तास जाऊ द्या. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल हद्द. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम होतात. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा हेच औषध असतं, तेही मोजा. जास्त गेलं असेल तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना गाठा.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर तेच ओडी 'ओकुलुस डेक्स्टर', उजवा डोळा! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका आबांना घरचे चार वेळांचे थेंब एकदाच घालत होते. ओएस म्हणजे डावा डोळा.

बीडीतलं 'बिस' आपल्या संस्कृत 'द्विः'चं भावंड, दिवसातून दोनदा. दोन डोसांत साधारण बारा तास हवेत. टीडीएस तीनदा. केळीच्या बागेत पहाटे गेलेला माणूस दुपारची गोळी विसरतो आणि रात्री दोन एकदम घेतो. तसं करू नका. दुपारची गोळी डब्यासोबत बांधून न्या.

एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर.

"भाऊ, हाई गोयी कव्हय खावानी?" (ही गोळी कधी घ्यायची?) असं विचारणारी माय मला फार आवडते, कारण ती अंदाजाने घेत नाही. तिला वाचता येत नसेल तर मी पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देतो. तुमच्या मेडिकलवाल्याकडूनही तसं काढून घ्या.