शंभरपट मोठी पृथ्वी रचताना

अवाढव्य ग्रहावरच्या जगाची कल्पना करायला बसलं की हात आधी नकाशाकडे जातो. तिथेच घोळ होतो. आधी तीन आकडे कागदावर मांडा: त्रिज्या, गुरुत्व आणि दिवसाची लांबी. हवामान, राज्यं, भाषा, अगदी युद्धंही या तीन आकड्यांतूनच निघतात.

उदाहरणासाठी त्रिज्या पृथ्वीच्या 100 पट धरू, म्हणजे 6,37,100 किमी. हा गोळा जवळजवळ सूर्याएवढा झाला. परीघ 40 लाख किमी आणि पृष्ठभाग पृथ्वीच्या 10,000 पट, म्हणजे 5.1 लाख कोटी चौरस किमी.

आता गुरुत्व. घनता पृथ्वीचीच ठेवली तर गुरुत्वही 100 पट होतं आणि माणूस जागच्या जागी चेपला जातो. ते पृथ्वीइतकं ठेवायचं तर वस्तुमान 10,000 पृथ्व्यांएवढं लागतं आणि सरासरी घनता पाण्याच्या अठराव्या हिश्शावर येते. असा भरीव ग्रह टिकत नाही. एवढं वस्तुमान म्हणजे सुमारे 31 गुरू ग्रह. ते आकसून गुरूच्याच आकाराचा तपकिरी बटू, म्हणजे तारा होता होता राहिलेला वायूचा गोळा, होतो. मग त्यालाच मध्यभागी ठेवा आणि भोवती 6,37,100 किमीवर पोकळ कवच घाला. कवचाच्या माथ्यावर गुरुत्व बरोबर पृथ्वीइतकं भरतं.

फुकट काही मिळत नाही. खडकाच्या अशा कवचात दाब पोलादाच्या ताकदीच्या हजारो पट जातो. शिवाय एकसारख्या गोल कवचाची आतल्या वस्तूवरची एकूण ओढ शून्य असते, त्यामुळे कवच जरा बाजूला सरकलं तर त्याला पुन्हा मध्यावर आणणारं काहीच नसतं. म्हणून कवच कुणीतरी बांधलेलं आहे आणि सतत सावरलं जातंय, असं गृहीत धरा. ही एक थाप वाचक पचवतो. दुसरी मागू नका; बाकी सगळं हिशेबानेच चालू द्या.

दिवस 24 तासांचा ठेवला तर विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला 46 किमी वेगाने फिरते आणि तिथलं वजन ध्रुवापेक्षा 34 टक्क्यांनी घटतं. ध्रुवावर 60 किलो दाखवणारा ताणकाटा विषुववृत्तावर 40च्या आत येतो. हे नको असेल तर दिवस 48 तासांचा करा. घट 9 टक्क्यांच्या आत राहते.

नकाशाची सर्वांत मोठी चूक म्हणजे पृथ्वीचे खंड ताणून मोठे करणं. गुरुत्व तेच असल्याने डोंगर उंच होत नाहीत. 9-10 किमीवर खडकाची ताकद संपते. नाईल 6,650 किमीची आहे. तिला शंभरपट ताणलं आणि किलोमीटरला अवघा 3 सेंमी उतार दिला, तरी उगम 20 किमी उंचीवर लागतो. शिवाय लाखो किलोमीटर आत पाऊस पोचणार नाही, सगळा गाभा वाळवंट होईल. तेव्हा खंड ताणू नका, त्यांची संख्या वाढवा: नेहमीच्या मापाचे हजारो खंड आणि मध्ये समुद्र.

हवामानाचे पट्टे मात्र ताणले जातातच. अक्षांशाचा एक अंश इथे 11,100 किमी. अक्षाचा कल पृथ्वीसारखा असेल तर उष्ण कटिबंध 5.2 लाख किमी रुंद होतो. रोज 30 किमी प्रमाणे 40 वर्षं चालणारा माणूस 4.4 लाख किमी जातो, म्हणजे दक्षिण टोकाहून निघालेल्याला मरेपर्यंत थंडी भेटत नाही. 24 तासांच्या दिवसात घड्याळ एक तासाने बदलायला विषुववृत्तावर 1.67 लाख किमी जावं लागतं; 900 किमी वेगाच्या विमानालाही साडेसात दिवसांहून जास्त.

आकाशाचा हिशेब छोटा आहे. कक्षेत राहायला सेकंदाला 79 किमी वेग लागतो आणि सुटून जायला 112. रासायनिक रॉकेटच्या झोताचा वेग साडेचार किमीच्या आसपास, त्यामुळे कृत्रिम उपग्रह विसरा. पूर्ण ग्रहाचा फोटो इथे कुणी पाहिलेला नसतो.

समाज रचताना अंतर दिवसांत मोजा. पलीकडचं टोक 20 लाख किमीवर आहे: पायी 183 वर्षं, रोज 200 किमी जाणाऱ्या शिडाच्या जहाजाने 27 वर्षं, न थांबणाऱ्या विमानाने 93 दिवस. काचतंतूतून (ऑप्टिकल फायबरमधून) निरोप मात्र 10 सेकंदांत जातो. तार पोचल्यावर जग लहान होतं, पण फक्त बोलण्यापुरतं.

राज्याची मर्यादा ठरवायला हुकूम आणि त्याचं उत्तर एका वर्षात यायला हवं, असा नियम घ्या. प्राचीन इराणच्या राजमार्गावर डाकस्वार सुसा (आजच्या इराणमध्ये) ते सार्डिस (आजच्या तुर्कस्तानात) हे सुमारे 2,500 किमी नऊ दिवसांत कापत, म्हणजे दिवसाला 280 किमीच्या आत. सहा महिन्यांत झाले सुमारे 50,000 किमी. एवढ्या त्रिज्येचं राज्य पृथ्वीच्या एकूण पृष्ठभागाच्या 15 पट भरतं, तरी या ग्रहाचा जेमतेम 0.15 टक्का. आणि खरी गोम पुढे आहे: हुकूम सहा महिन्यांत पोचतो, पण पायदळाला साडेचार वर्षं लागतात. तोवर बंडखोरांनी कर बसवलेला असतो, नाणी पाडलेली असतात. म्हणून इथली मोठी राज्यं सैन्यावर टिकत नाहीत. सरहद्दीवरची घराणी, ओलीस, लग्नसंबंध आणि कर्ज यांवर टिकतात. 'साऱ्या जगाचा सम्राट' लिहिलात की हिशेब फसला.

वस्ती किती जुनी हेही ठरवा. युरोपात शेती वर्षाला साधारण 1 किमी वेगाने पसरली. त्या वेगाने पलीकडे पोचायला 20 लाख वर्षं लागतील आणि आपली प्रजाती जेमतेम 3 लाख वर्षांची आहे. एकाच ठिकाणाहून माणसं पसरवलीत तर दोन टोकांना भेटणारी माणसं एका प्रजातीची राहतीलच असं नाही. ते टाळायचं असेल तर बांधणाऱ्यांनी हजारो ठिकाणी एकदम वस्ती केली असं धरा.

जगबुडीही जपून वापरा. पृथ्वीवर हजार वर्षांत एकदा होणारा उल्कापात क्षेत्रफळाच्याच हिशेबाने इथे वर्षाला दहा वेळा होतो, आणि त्यातल्या बहुतेकांची बातमी तुमच्या पात्रांच्या कानावर पडत नाही. कथेतल्या प्रत्येक मोठ्या घटनेपुढे कथेच्या मुख्य ठिकाणापासूनचं अंतर आणि त्या ठिकाणी बातमी पोचायचा दिवस लिहून ठेवा. दुसऱ्या तिसऱ्या प्रकरणात कुणीतरी अजून मेलेल्या राजाच्या नावाने कर गोळा करताना दिसेल. ती चूक नाही, तसंच राहू द्या.