पानिपत मुलांना शिकवताना फक्त इतिहासाचं पुस्तक उघडू नका

१४ जानेवारी १७६१, अब्दाली, सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, एवढं पाठ झालं की मुलांचं पानिपत संपतं. शौर्याच्या गोष्टी जरूर सांगा, पण त्याआधी एकच प्रश्न मुलासमोर ठेवा: एवढी मोठी मराठा फौज उपाशी का पडली? याचं उत्तर शोधायला गेलं की भूगोल, गणित, विज्ञान सगळं आपोआप त्यात येतं.

सुरुवात नकाशापासून करा. जालना जिल्ह्यातलं परतूर शोधायला लावा, फौज तिथून मार्च १७६० च्या मध्यावर निघाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत पोचली. पट्टीने सरळ रेषेत मोजलं तरी हजारेक किमी भरतात, दिवस साधारण १४०, म्हणजे रोजचे सरासरी ७ किमी. मूल लगेच विचारतं, फक्त सातच? मग सांगा की बरोबर जड तोफा होत्या, बायकामुलं होती, यात्रेकरू होते, मधे पावसाळा लागला आणि नद्यांना पूर आले.

आता खरं गणित, आणि यावर घाई करू नका. माणसांचे नक्की आकडे मिळत नाहीत, म्हणून हिशोबापुरती एक लाख माणसं धरा. माणशी रोज अर्धा किलो धान्य म्हणजे ५०,००० किलो, म्हणजेच ५०० क्विंटल. एका बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धरला तर रोज ५०० बैल भरून धान्य यायला हवं, आणि यात घोड्यांचा दाणा, बैलांचा चारा धरलेलाच नाही. हे मुलाला स्वतःच्या हाताने वहीत मांडू द्या, आपण उत्तर सांगायचं नाही. मग परत नकाशावर या. ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेचं कुंजपुरा जिंकलं, तिथे धान्य मिळालं, पण इकडे अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि मराठे आणि दिल्ली यांच्या मधे बसला. पानिपत, बागपत, दिल्ली तिन्ही ठिपके पेन्सिलने जोडले की वाट कशी बंद झाली ते मुलाला स्वतःलाच दिसतं. नंतर डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. आता ते ५०० बैल येणार कुठून?

विज्ञानात दोनच गोष्टी घ्या. मराठ्यांकडच्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा लांब पल्ल्याच्या पण जड, अब्दालीकडे उंटावरच्या हलक्या तोफा, म्हणजे जंबुरक, मग पटकन जागा कोण बदलू शकेल? दुसरं म्हणजे सूर्य. जानेवारीच्या मध्यावर पानिपतला तो भर दुपारीही ३९-४० अंशांच्या आसपासच असतो, दक्षिणेला, आणि मराठ्यांना जायचं होतं त्याच बाजूला. टॉर्च घेऊन मुलाच्या डोळ्यांसमोर तिरका धरून दाखवा, पटकन कळतं.

मराठीसाठी पराभवाची बातमी देणारा तो प्रसिद्ध सांकेतिक निरोप घ्या, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा (चिल्लर) किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा अर्थाचा. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा कोण, खुर्दा कोण, हे मुलालाच ओळखू द्या, आणि मग विचारा की खुर्द्यातल्या एखाद्या माणसाच्या घरी बातमी कशी कळली असेल, त्यावर दहा ओळी लिहायला सांगा. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण पुस्तकात त्यांची नावंच नसतात.

नागरिकशास्त्राचं म्हणाल तर कोण कोणाच्या बाजूने होतं त्याचा साधा तक्ता करा. इब्राहिमखान मराठ्यांसाठी शेवटपर्यंत लढला, अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीकडे गेला, भरतपूरचा राजा सूरजमल जाट युद्धाआधीच बाजूला झाला पण परतणाऱ्या लोकांना त्यानेच आसरा दिला. ही धर्माधर्माची लढाई होती असं मूल कुठून ऐकून आलं असेल तर वाद घालू नका, तक्ता समोर ठेवा.

मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर लढाईनंतरच्या कत्तलीचे तपशील आत्ता नकोत, माणसं मारली गेली, बरीचशी कैद झाली, एवढं खरं सांगा, आणि त्याने अजून विचारलं तरच पुढे बोला.