ब्रेकचं पेडल कडक झालंय? हवा काढू नका, आधी व्हॅक्यूम तपासा

पेडल मऊ, दबदबीत लागत असेल तर लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत, हवा असते. पेडल कडक असेल तर लाइनमधली हवा काढून काहीच साध्य होत नाही, फक्त ब्रेक ऑइल वाया जातं. पाय पूर्ण जोरात दाबूनही पेडल थोडंच खाली जातं आणि गाडी नेहमीपेक्षा उशिरा थांबते, अशी तक्रार असेल तर पहिला संशय बूस्टरवर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि त्याला मिळणाऱ्या व्हॅक्यूमवर (हवा ओढून तयार झालेला कमी दाब) घ्यायचा.

बूस्टर म्हणजे ड्रायव्हरच्या समोर, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बसवलेला काळा गोल डबा. त्याच्या आत रबरी डायफ्रॅम, म्हणजे पडदा, असतो. एरवी डायफ्रॅमच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो. पेडल दाबलं की पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि दाबातल्या फरकामुळे डायफ्रॅम मास्टर सिलिंडरला (चाकांकडे ब्रेक ऑइल दाबणारा भाग) ढकलतो. साध्या पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणारा मार्ग) येतो. डिझेलमध्ये तो वेगळ्या व्हॅक्यूम पंपातून येतो, आणि बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांनाही पंप असतो. अनेक इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत इलेक्ट्रिक बूस्टर असतो. तिथे पुढच्या चाचण्या लागू पडत नाहीत, स्कॅनर लावून दोषाचे कोड वाचावे लागतात.

चालत्या गाडीत पेडल अचानक कडक झालं तर इंजिन बंद करू नका आणि पेडल पुन्हा पुन्हा मारू नका. बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम प्रत्येक दाबाला संपत जातो. एकदाच, दोन्ही पायांनी, पूर्ण ताकदीने दाबून धरा, गिअर उतरवत जा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. बूस्टर गेला तरी ब्रेक लागतात, जोर मात्र कितीतरी जास्त लावावा लागतो.

तपासणी सपाट जागेवर, चाकांना अडण लावून करायची. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल, आणि ते व्हायलाच हवं. आता पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली बसलं तर बूस्टर मदत करतोय. तसूभरही हललं नाही तर मदत शून्य आहे.

दुसरी चाचणी: इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा आणि पेडल दाबा. पहिला दाब खोल, दुसरा त्याहून वर, तिसरा आणखी वर, असं व्हायला हवं. पहिलाच दाब कडक लागला तर साठवलेला व्हॅक्यूम कुठूनतरी निसटतोय. तिसरी चाचणी: चालू इंजिनावर पेडल दाबून धरा, तसंच इंजिन बंद करा आणि ३० सेकंद पाय स्थिर ठेवा. या वेळात पेडल वर येऊ लागलं तर गळती आहे.

दोष सापडला तरी लगेच बूस्टर मागवू नका. सगळ्यात महाग भाग तोच, आणि पुष्कळदा दोष असतो तो पाइपात. मॅनिफोल्ड किंवा पंपापासून बूस्टरपर्यंतचा पाइप बोटांनी दाबत पूर्ण तपासा: तडे, सैल क्लॅम्प, ऑइलने मऊ पडलेलं रबर. मऊ पाइप बाहेरून ठीक दिसतो, पण इंजिन गरम झाल्यावर ओढीने आतून चपटा होतो. सकाळी ब्रेक चांगले, तासाभराने पेडल कडक, ही त्याची खूण. बदली पाइप व्हॅक्यूमसाठीचाच घ्या, पाण्याचा किंवा पेट्रोलचा साधा पाइप असाच चपटा होतो.

बूस्टरच्या तोंडाशी किंवा पाइपातच वन-वे व्हॉल्व्ह असतो. तो काढून बूस्टरच्या बाजूने फुंकल्यावर हवा पलीकडे गेली पाहिजे, इंजिनाच्या बाजूने फुंकल्यावर अडली पाहिजे. त्याचं रबरी ग्रोमेटही (व्हॉल्व्हभोवतीची रबरी रिंग) वाळून चिरलेलं नाही ना, ते बघा.

पाइपाच्या बूस्टरकडच्या टोकाला व्हॅक्यूम गेज लावता आला तर उत्तम. समुद्रसपाटीजवळ निरोगी पेट्रोल इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) साधारण १७ ते २१ इंच पारा (व्हॅक्यूमचं माप) दाखवतं, डिझेलचा पंप बहुधा २० च्या वर. उंचावरच्या भागात आकडा कमी येतो. मॅनिफोल्डवरच आकडा कमी असेल तर दोष ब्रेकचा नाही, इंजिनाचा: चुकलेलं टायमिंग, इनटेकमधली गळती किंवा तुंबलेला सायलेन्सर.

गेजवर पूर्ण व्हॅक्यूम आणि पेडल तरीही कडक, शिवाय दाबल्यावर पेडलजवळ सतत फुसफुस ऐकू येते किंवा इंजिनाचं आयडल डगमगतं, तर बूस्टर गेला. तो बदलताना मास्टर सिलिंडर सोडवून पुढे सरकवल्यावर मागची बाजू बघा. ती ब्रेक ऑइलने ओली असेल तर मास्टरचं सील गळतंय. मास्टरही आत्ताच बदला, नाहीतर तेच ऑइल नव्या डायफ्रॅमचं रबर खराब करेल. नव्या बूस्टरच्या पुशरॉडची (मास्टरला ढकलणारी दांडी) लांबी कंपनीच्या मापाने जुळवायची. रॉड जरा लांब राहिला तरी मास्टरचं परतीचं छिद्र उघडत नाही आणि चालताना ब्रेक आपोआप आवळत जातात.

बूस्टर ठीक निघाला तरच चाकांकडे वळा. कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) गंजलेले स्लाइड पिन, त्याचा अडकलेला पिस्टन आणि चकाकी चढलेले पॅड यांनीही पेडल घट्ट वाटून गाडी थांबत नाही. एखाद्या चाकाचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) सोडून पेडल दाबलं आणि ऑइल आलंच नाही, तर त्या चाकाचा रबरी होज आतून फुगून बंद झालाय. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडल्यावर त्याचं रबर फुगलेलं दिसलं तर ब्रेक ऑइलमध्ये इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑइल पडलंय. तेव्हा लाइन धुऊन भागत नाही. मास्टर, कॅलिपर आणि होज यांतलं ऑइलला लागलेलं प्रत्येक रबर बदलावंच लागतं.